सूत्रे पाठ आहेत, तरी समीकरण का चुकते?

एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत, मराठी माध्यमात. संयुजेचा, म्हणजे अणूंच्या जोडले जाण्याच्या क्षमतेचा, तक्ता तोंडपाठ, पन्नासेक सूत्रेही पाठ. तरी समीकरण संतुलित करायला बसली की गडबडते. कुठे आकडा कमी पडला की सरळ सूत्रातलाच आकडा बदलते आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या म्हणून खूश होते. बाई शून्य देतात, तिला कारण कळत नाही. सूत्र लिहिण्याची आणि समीकरण जुळवण्याची खात्रीची रीत आहे का, आणि परीक्षेसाठी किती समीकरणे पाठ करून घ्यावीत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. समीकरण एकही पाठ करून घेऊ नका. सूत्रेही फार नकोत. पाठ हवीत ती चिन्हे आणि पंचवीसच्या आसपास आयन (विद्युत प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट), प्रभारासकट. बाकीचे त्यांच्यावरून जागेवर लिहिता येते, आणि न येणारे जे थोडे उरते ते पाठ करूनही परीक्षेत आठवत नाही. (इथे मी सूत्रे वर्गात बोलतो तशी देवनागरीत लिहितो आहे. वहीत अर्थातच रोमन अक्षरे.)

आता मूळ दुखणे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होते. मूल लिहिते:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. मग ते उजवीकडे खाली एक दोन चिकटवते: एच₂ओ₂. मोजून पाहा, दोन्हीकडे दोन-दोन. जुळले! फक्त पाणी गेले आणि त्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आले, म्हणजे जखमेवर टाकल्यावर फसफसणारे आणि बोटाला लागले तर कातडी पांढरी पाडणारे द्रव. प्यायला पाणी मागितले आणि हे दिले, असा तो प्रकार. बाईंनी शून्य दिले ते योग्यच.

खालचा आकडा पदार्थाचा आहे, तो आपल्या हातात नाही. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक, हे निसर्गाने ठरवलेले. पुढचा आकडा, म्हणजे सहगुणक, आपला आहे. किती रेणू घेतले एवढेच तो सांगतो. समीकरण जुळवायचे ते फक्त पुढच्या आकड्यांनी. म्हणून दोन रेणू पाणी घ्यायचे, त्यासाठी डावीकडे हायड्रोजनचे दोन रेणू लागतात:

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ

एवढे एक पक्के झाले तर मुलीच्या निम्म्या चुका आपोआप जातील. माझा आग्रह असा असतो की सूत्रे लिहून झाली की पेन बदला. सूत्रे निळ्या शाईने, संतुलनाचे आकडे पेन्सिलीने. निळ्याला हात लावायचा नाही. घरी सराव करताना महिनाभर हा नियम पाळला की परीक्षेत एकाच पेनानेही हात आपोआप थांबतो.

आणि मुलीला हेही सांगा की हा गोंधळ तिचा एकटीचा नाही. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने १८०८ मध्ये पाण्याचे सूत्र एकास एक धरले होते, म्हणजे आपल्या भाषेत एचओ. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर ते साध्यात साधे धरावे, असा त्याचा नियम होता. परिणामी, आणि त्या काळच्या ढोबळ मोजमापांमुळे, ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या सोळापट भरायच्या ऐवजी सातपटच भरला, आणि पुढची कित्येक दशके एकाच पदार्थाची वेगवेगळी सूत्रे वेगवेगळे रसायनज्ञ लिहीत राहिले. वायूंच्या आकारमानांवरून रेणू मोजता येतात हे ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये सांगून ठेवले होते, पण त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथे रसायनज्ञांची परिषद भरली, तिथे कॅनिझारो या इटालियन रसायनज्ञाने ती कल्पना पुन्हा पुढे आणली आणि मग हळूहळू घडी बसली. सांगायचा मुद्दा, सूत्र हे कागदावर जुळवून मिळत नाही. ते वजने आणि आकारमाने मोजून मिळालेले आहे. कागदावर ते आपण फक्त आठवतो किंवा प्रभारांवरून काढतो.

चिन्हांबद्दल थोडेच. अक्षरांची ही पद्धत बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाची, १८१३-१४ मधली. तो आकडे अक्षरांच्या वर लिहीत असे, ते खाली आले नंतर, लीबिख या जर्मन रसायनज्ञाच्या काळात. सोडिअमचे एनए, पोटॅशिअमचे के, लोखंडाचे एफई, शिशाचे पीबी ही लॅटिन नावांवरून आलेली आहेत, ती सरळ पाठ करायची. खरी अडचण वेगळीच असते आणि ती मराठी माध्यमात जास्त दिसते. देवनागरीत मोठे अक्षर-लहान अक्षर असा प्रकारच नाही, त्यामुळे हा फरक मुलांच्या हाताला जाणवत नाही. सी मोठा आणि ओ लहान, तर तो कोबाल्ट, एक धातू. दोन्ही मोठे, तर कार्बन मोनॉक्साइड, एक विषारी वायू. मुलांच्या वहीत सी आणि ओ ही अक्षरे मोठी काय नि लहान काय, सारखीच दिसतात. मुलीला सांगा, दुसरे अक्षर पहिल्याच्या निम्म्या उंचीचे दिसलेच पाहिजे. तपासणाऱ्याने अंदाज बांधायचा नसतो.

आता सूत्र. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात तिरकस गुणाकार शिकवतात: संयुजा लिहा, एकमेकींच्या खाली उलट टाका. ही रीत चुकीची नाही, पण तिच्यात मूल विचार करायचे थांबते. मी प्रभार शिकवतो. संयुजा म्हणजे नुसता आकडा, प्रभार म्हणजे आकडा आणि अधिक-उणे चिन्ह. आयनिक संयुगाच्या सूत्रात एकूण प्रभार शून्य आला पाहिजे, एवढीच अट.

कोणते आयन? एक धन: सोडिअम, पोटॅशिअम, चांदी, अमोनिअम. दोन धन: मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम, जस्त. तीन धन: ॲल्युमिनिअम. दोन-दोन रूपांचे: लोखंड दोन किंवा तीन, तांबे एक किंवा दोन. ऋणांमध्ये एक: क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट, परमँगनेट. दोन: ऑक्साइड, सल्फाइड, सल्फेट, सल्फाइट, कार्बोनेट, डायक्रोमेट. तीन: फॉस्फेट. संपले. नाव ‘आइड’ने संपले तर बहुधा एकटेच मूलद्रव्य असते, ‘एट’ किंवा ‘आइट’ने संपले तर सोबत ऑक्सिजन असतो आणि ‘एट’मध्ये तो ‘आइट’पेक्षा जास्त असतो. हायड्रॉक्साइड हा यातला अपवाद.

ॲल्युमिनिअम सल्फेट घ्या. तीन धन आणि दोन ऋण. तीन आणि दोनचा लसावि सहा. सहा धन हवेत तर ॲल्युमिनिअम दोन, सहा ऋण हवेत तर सल्फेट तीन. म्हणून एएल₂(एसओ₄)₃. तिरकस गुणाकारानेही हेच येते, कारण तो लसावि काढण्याचा आडमार्गच आहे. फरक पडतो तो मॅग्नेशिअम ऑक्साइडला. तिरकस टाकले की एमजी₂ओ₂ येते आणि मग ‘दोनने भागा’ असा आणखी एक नियम पाठ करावा लागतो. प्रभाराने विचार केला तर दोन धन, दोन ऋण, एकास एक पुरे. एमजीओ. भागाकाराचा प्रश्नच येत नाही.

हा ‘दोनने भागा’ नियम मुलांना पुढे दगा देतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. मूल विचारते, एमजी₂ओ₂ ला भागायचे, तर एच₂ओ₂ ला का नाही? चांगला प्रश्न आहे, आणि ‘ते तसेच असते’ हे त्याचे उत्तर नाही. मीठ, चुना, मॅग्नेशिअम ऑक्साइड यांत रेणू नसतातच. स्फटिकात आयनांची रांग लागलेली असते आणि सूत्र फक्त त्यांचे प्रमाण सांगते. प्रमाण म्हटले की ते संक्षिप्तच लिहायचे. हायड्रोजन पेरॉक्साइड, ग्लुकोज, बेंझीन हे रेणूंचे पदार्थ. तिथे सूत्र एका रेणूतले प्रत्यक्ष अणू मोजते, ते भागता येत नाही. ग्लुकोजच्या सी₆एच₁₂ओ₆ ला सहाने भागा, सीएच₂ओ उरते. ते आहे फॉर्मॅल्डिहाइड, ज्याच्या द्रावणात, म्हणजे फॉर्मलिनमध्ये, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतले नमुने ठेवतात. साखरेची बरणी आणि ही बरणी एकच समजायची का?

कंसाचा नियम छोटा आहे. अणूंचा गट एकाहून जास्त वेळा आला तरच कंस. सीए(ओएच)₂ मध्ये हवा, एनएओएच मध्ये नको. कंस गाळला की सीएओएच₂ होते, म्हणजे ऑक्सिजन एक आणि हायड्रोजन दोन. एका कंसाने ऑक्सिजनचा एक अणू खाल्ला, आणि पुढे समीकरण जुळत नाही म्हणून अर्धा तास गेला. असे अर्धे तास मी वर्गात फार पाहिले आहेत. समीकरण अडले की आधी सूत्रे तपासायची, आकड्यांशी नंतर झगडायचे.

आणखी एक सापळा आहे तो वायूंचा. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन ही सात मूलद्रव्ये मोकळी असताना जोडीने असतात. मॅग्नेशिअमची फीत जाळण्याचे समीकरण मूल ‘एमजी + ओ → एमजीओ’ असे लिहिते आणि ते आयतेच जुळलेले असते! जुळलेले असल्यामुळेच चूक दिसत नाही. हवेत ऑक्सिजन सुट्ट्या अणूंचा नसतो, म्हणून बरोबर समीकरण:

२ एमजी + ओ₂ → २ एमजीओ

इथेच वजनाचा पडताळाही घ्यायला लावा. मॅग्नेशिअम २४, ऑक्सिजन १६ धरले तर डावीकडे ४८ आणि ३२, उजवीकडे ८०. पुढचे २ म्हणजे दोन ग्रॅम नव्हेत, हे मुलांना अशा एका बेरजेने जितके कळते तितके व्याख्येने कळत नाही.

समीकरण लिहिताना सर्वांत आधीचा प्रश्न कोणी विचारतच नाही: ही अभिक्रिया होते का? हे पाहा:

सीयू + एच₂एसओ₄ → सीयूएसओ₄ + एच₂

सूत्रे बरोबर, अणू जुळलेले, एकही आकडा लावावा लागत नाही. तांब्याची तार विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून बसा. एक बुडबुडा येणार नाही. तांबे हायड्रोजनपेक्षा कमी अभिक्रियाशील, ते त्याला आम्लातून बाहेर काढू शकत नाही. जस्त टाका, लगेच बुडबुडे. संतुलन हा फक्त जमाखर्च आहे. वही जुळली म्हणजे व्यवहार झालाच असे नाही. म्हणून मी मुलांना समीकरणाआधी एक वाक्य लिहायला लावतो: काय कशात टाकले, काय दिसले. ‘मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला, निळा रंग फिका होऊन हिरवट झाला, खिळ्यावर तांबूस थर आला.’ हे वाक्य ज्याला लिहिता येते तो उजवीकडे काय येणार हे घोकत नाही. तांबूस थर म्हणजे तांबे सुटले, हिरवट द्रावण म्हणजे लोखंडाचे दोन प्रभाराचे रूप:

एफई + सीयूएसओ₄ → एफईएसओ₄ + सीयू

द्रावणाचा हिरवट रंग नजरेत असेल तर मूल एफई₂(एसओ₄)₃ लिहीत नाही, कारण ते पिवळसर-तपकिरी असते. लोखंडाची ही दोन रूपे मुलांना छळतात आणि त्यावर युक्ती नाही, माहितीच लागते. लोखंड हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळले तर एफईसीएल₂ होते. तेच लोखंड क्लोरिन वायूत तापवले तर एफईसीएल₃. मूलद्रव्ये तीच, पदार्थ निराळे. नुसत्या संयुजेच्या तक्त्याकडे बघून हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता जुळवण्याची रीत. सगळ्यात गर्दीचे सूत्र कोणते ते बघायचे आणि तिथून सुरुवात करायची. मोकळे मूलद्रव्य शेवटी, कारण त्याचा आकडा बदलला तर दुसरे कोणी बिघडत नाही. सल्फेट, नायट्रेटसारखा गट दोन्ही बाजूंना अखंड असेल तर तो एकच धरून मोजायचा, सुटे सल्फर आणि ऑक्सिजन मोजत बसायचे नाही. तापलेल्या लोखंडावर वाफ सोडली की:

एफई + एच₂ओ → एफई₃ओ₄ + एच₂

गर्दी एफई₃ओ₄ मध्ये आहे. त्याला तीन लोखंड हवेत, म्हणून ३ एफई. चार ऑक्सिजन हवेत, ते पाण्यातूनच येणार, म्हणून ४ एच₂ओ. आता आठ हायड्रोजन आले, म्हणून ४ एच₂. तीन पावलांत संपले, आणि एकदाही मागे यावे लागले नाही:

३ एफई + ४ एच₂ओ → एफई₃ओ₄ + ४ एच₂

जी मुले डावीकडून उजवीकडे ओळीने जुळवत जातात ती इथे खाडाखोड करतात. पाठ्यपुस्तकातले अणूंचे कोष्टक सुरुवातीला उपयोगी आहे, पण प्रत्येक समीकरणाला ते आखायला लावू नका. त्यात वेळ जातो आणि नजर तयार होत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्यूटेन असतो. तो जळतो तेव्हा अपूर्णांकाची भीती समोर येते. सी₄एच₁₀ च्या एका रेणूतून कार्बन डायऑक्साइडचे चार आणि पाण्याचे पाच रेणू होतात, इथवर सरळ. ऑक्सिजनचे अणू लागतात आठ आणि पाच, म्हणजे तेरा. ऑक्सिजन जोडीनेच मिळतो, म्हणजे साडेसहा रेणू. इथे मुलगी रबर उचलते आणि सगळे खोडते. खोडू देऊ नका. साडेसहा तसेच लिहू द्या आणि शेवटी सगळ्याला दोनने गुणा:

२ सी₄एच₁₀ + १३ ओ₂ → ८ सीओ₂ + १० एच₂ओ

अपूर्णांक ही चूक नव्हे, ती वाटेवरची पायरी आहे.

तरीही काही समीकरणे नजरेने सुटत नाहीत. तांबे आणि तीव्र नायट्रिक आम्ल हे त्यातले नामांकित:

सीयू + एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + एनओ₂ + एच₂ओ

ते अडते कारण नायट्रेट दोन वाटांनी जाते. काही नायट्रेट म्हणूनच तांब्याबरोबर राहते, काही मोडून तपकिरी वायू होते. म्हणजे गट अखंड धरण्याची वरची युक्ती इथे निकामी. अशा वेळी मुलीला तिच्या बीजगणिताची आठवण द्या, दोन चलांतील रेषीय समीकरणे तिने याच वर्षी केली आहेत. तांबे १ धरा. वायूचे रेणू क्ष, आम्लाचे य. नायट्रोजन मोजा: य = २ + क्ष. हायड्रोजनवरून पाणी य च्या निम्मे. ऑक्सिजन मोजा: ३य = ६ + २क्ष + य/२. पहिल्यातला य दुसऱ्यात टाका, क्ष येतो २, मग य ४, पाणी २:

सीयू + ४ एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + २ एनओ₂ + २ एच₂ओ

ही रीत कुठल्याही समीकरणाला चालते. रोज वापरायची गरज नाही, पण ती हाताशी आहे एवढ्यानेच मुलांची घाबरगुंडी कमी होते. ‘जुळतच नाही’ असे काही उरत नाही. बीजगणितानेही उत्तर आले नाही तर सूत्र चुकले आहे किंवा एखादा पदार्थ लिहायचा राहिला आहे.

अवस्थांची कंसातली चिन्हे मुले शोभेची समजतात. तशी ती नाहीत. वितळलेल्या मिठातून वीज सोडली तर सोडिअम आणि क्लोरिन मिळतात. मिठाच्या पाण्यातून सोडली तर सोडिअम दिसतही नाही, क्लोरिन, हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा मिळतो. सूत्र दोन्हीकडे एनएसीएलच, फरक फक्त कंसातल्या एल (द्रव) आणि एक्यू (पाण्यातले द्रावण) यांचा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लापुढे एल लिहिणे. बाटलीतले आम्ल द्रव दिसते खरे, पण ते पाण्यातले द्रावण आहे, म्हणून एक्यू. शुद्ध एचसीएल हा नेहमीच्या तापमानाला वायू असतो. बाणाच्या वरचा त्रिकोण म्हणजे उष्णता. उत्प्रेरकाचे, म्हणजे अभिक्रियेचा वेग बदलून स्वतः न संपणाऱ्या पदार्थाचे, सूत्रही बाणाच्या वरच लिहायचे. तो अभिक्रियाकारकांत अधिक चिन्हाने लिहायचा नाही.

समीकरण काय सांगत नाही हेही एकदा तिच्याशी बोला. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण सगळ्यांना पाठ असते: सहा कार्बन डायऑक्साइड, सहा पाणी, त्यातून एक ग्लुकोज आणि सहा ऑक्सिजन. ते पाहून वाटते की ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटला. १९४१ मध्ये रूबेन, केमेन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा जड समस्थानिक (ऑक्सिजनच, पण जास्त वजनाच्या अणूंचा) वापरून दाखवले की तो पाण्यातून सुटतो. पण समीकरणात पाण्याचे सहा रेणू, म्हणजे ऑक्सिजनचे सहाच अणू, आणि सुटलेले मात्र बारा. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या वरच्या वर्गांत पाणी डावीकडे बारा आणि उजवीकडे सहा असे लिहितात. दहावीला हे विचारत नाहीत, पण हुशार मुलीला ते आवडते.

घरी सराव कसा घ्यायचा? मार्गदर्शकातली शंभर समीकरणे ओळीने सोडवून काही होत नाही, विसाव्यापासून हात नुसता चालतो. मी एकाच पदार्थाच्या मागे लागायला सांगतो. चुना घ्या. चुनखडी भट्टीत तापवली की चुनकळी होते आणि कार्बन डायऑक्साइड जातो:

सीएसीओ₃ → सीएओ + सीओ₂

१०० ग्रॅममधून ५६ ग्रॅम चुनकळी, ४४ ग्रॅम वायू. चुनकळीवर पाणी ओतले की ती फसफसते, कढत होते, फुटते, आणि विरलेला चुना तयार होतो (हे घरी करू नका, डोळ्यांना धोका असतो):

सीएओ + एच₂ओ → सीए(ओएच)₂

पुढचे मात्र घरी करता येते. पानाला लावायचा चमचाभर चुना पेल्यातल्या पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरची चुन्याची निवळी हलकेच दुसऱ्या पेल्यात ओतून घ्या. स्ट्रॉने तिच्यात फुंकायला सांगा, ओढायचे नाही, आणि चेहरा लांब. पाच-दहा फुंकरांत निवळी दुधाळ होते. मुलीने आधी काय दिसले ते लिहावे, मग समीकरण:

सीए(ओएच)₂ + सीओ₂ → सीएसीओ₃ + एच₂ओ

पुन्हा तीच चुनखडी, जिच्यापासून सुरुवात केली होती. अवस्था लिहायला सांगा, इथे त्यांना अर्थ आहे: पाण्यात विरघळलेला पदार्थ गेला आणि न विरघळणारा स्थायू आला, म्हणून दूध दिसले. निवळी पातळ असेल आणि ती फुंकतच राहिली तर हळूहळू दूध पुन्हा निवळत जाते. पुष्कळ मुले इथे चक्रावतात, कारण तक्त्यात एवढेच असते की कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते. जास्तीचा वायू आणि पाणी मिळून कॅल्शिअम बायकार्बोनेट होते, ते विरघळते:

सीएसीओ₃ + एच₂ओ + सीओ₂ → सीए(एचसीओ₃)₂

बायकार्बोनेटवर एकच ऋण प्रभार, कॅल्शिअमवर दोन धन, म्हणून कंस आणि दोन. वरच्या पंचवीस आयनांबाहेरचे काही लागले नाही.

हेच बायकार्बोनेट जड बोअरच्या पाण्यात असते. पाणी तापले की ते मोडते, आणि गीझरच्या कॉइलवर, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा कडक थर बसतो. त्या थरावर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात. तो थर कशाचा, बुडबुडे कशाचे, आणि थर बसतानाचे समीकरण काय, हे मी इथे लिहीत नाही. ते मुलीकडून लिहून घ्या, सूत्रे निळ्या पेनाने आणि आकडे लागलेच तर पेन्सिलीने.